शाम्पू ठेवा, फणी घ्या

मांजराला दर रविवारी आंघोळ घालायची टूम ज्याने काढली, त्याला एकदा प्लास्टिकच्या टबात उभं करावं, मानेला धरून डोक्यावरून पाणी ओतावं, कानाशी ड्रायर लावावा आणि हा सगळा सोहळा मोबाइलवर टिपून, मागे बालगीत लावून जगाला दाखवावा. खाली लोकांनी लाल बदामांची रांग लावावी आणि लिहावं, 'अगं बाई, किती गोड चिडलाय!' मग कदाचित त्याच्या डोक्यात उजेड पडेल.

असे व्हिडिओ हल्ली रोज येतात. मांजराचे कान मागे चिकटलेले, बाहुल्या पार विस्फारलेल्या, तोंड उघडं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं की ते हसत नसतं, लाडातही आलेलं नसतं. त्याचा जीव कासावीस झालेला असतो. पण बघणाऱ्यांना ते गोड वाटतं आणि घालणाऱ्याला त्याहून गोड वाटतं, कारण आपण मांजराची केवढी काळजी घेतो हे चारचौघांना दिसतं. कशाचीही निगा राखायची म्हटली की आधी ती वस्तू धुवायची, मग तिला वास लावायचा आणि मग फोटो काढायचा, एवढंच आपल्याला सुचतं. मांजर ही वस्तू नाही, हे मधल्या मधे राहून जातं.

मी मांजरांतच वाढले. सध्या घरात दोन आहेत. ठकी ही गावठी भाटी, आमच्याच इमारतीच्या मीटररूममध्ये जन्मलेली. दुसरा प्रिन्स, पर्शियन बोका. तो कुणीतरी हौसेने विकत आणला आणि हौस फिटल्यावर 'ताई, तुमच्याकडे नाहीतरी एक आहेच' असं म्हणून माझ्या गळ्यात बांधला. या दोघांच्या अंगावरून रोज हात फिरवताना एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या मांजराला आपली गरज नाही, त्याला आपण धरधरून न्हाऊ घालतो. आणि ज्याला रोज आपला हात लागतो, त्याच्याकडे सणावारी बघतो. माझं भांडण आहे ते या उफराट्या कारभाराशी.

आधी ठकीचं सांगते. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी हे काटे तपासले. त्यांच्या टोकाला पोकळ खोबण असते, असं त्यांना आढळलं. या खोबणीत लाळ आपोआप चढते, आणि जीभ केसांत शिरली की ती लाळ थेट कातडीपर्यंत पोचते. घरातल्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत हीच रचना. जागेपणीच्या वेळातला जवळजवळ पाव हिस्सा मांजर या कामात घालवतं. त्यात धूळ निघते, गळलेले केस निघतात, पिसवा निघतात, आणि लाळ वाळताना अंग थंड होतं. घाम म्हणावा असा तर त्याला पंजांच्या गाद्यांनाच येतो. एवढी चोख व्यवस्था अंगावर घेऊन फिरणाऱ्या प्राण्यापुढे आपण काय घेऊन जातो? स्ट्रॉबेरीच्या वासाचा शाम्पू.

तो वास तुमच्यासाठी असतो, त्याच्यासाठी नाही. मांजरं एकमेकांना वासावरून ओळखतात. दोन मांजरांच्या घरात एकाला सुगंधी करून सोडा, दुसरं त्याच्यावर परक्यासारखं फिस्कारतं. आंघोळ झालेलं मांजर पुढचे दोन तास कोपऱ्यात बसून स्वतःला चाटत राहतं, तेव्हा मालक कौतुकाने सांगतात, 'बघा, अजून स्वच्छता चाललीये!' अहो, तुमचा शाम्पू काढायचं चाललंय ते. आणि काढून तो टाकणार कुठे? पोटात.

मुळात हे एक वाक्य मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवायला हवं: मांजराच्या अंगाला जे लावाल, ते थोड्याच वेळात त्याच्या पोटात जातं. एवढं कळलं तरी निम्मे उपद्व्याप थांबतील.

'पण आम्ही बेबी शाम्पू वापरतो हो, एकदम माइल्ड.' वापरता ना? मग ते बाळ कुणाचं, हे बाटलीवर बघून घ्या. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, मांजराची त्या मानाने उदासीनकडे झुकणारी. माणसाच्या बाळाला जे सौम्य, ते मांजराची कातडी कोरडी करायला पुरेसं असतं. मग कोंडा होतो, खाज सुटते, मांजर खाजवतं, आणि मालकांचं निदान ठरलेलं: 'अंग खाजवतोय, म्हणजे घाण झालाय. पुन्हा आंघोळ घाला.'

पुढची पायरी याहून भयंकर. पिसवा झाल्या म्हणून आंघोळीच्या पाण्यात डेटॉल, वास येतो म्हणून निलगिरीचं तेल, बुरशी वाटते म्हणून टी ट्री ऑइल, आणि आजीच्या बटव्यातून कापूर. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने विचारलं की दहा जण उपाय सांगतात, आणि अकरावा म्हणतो, 'नॅचरल आहे, काही होत नाही.' होतं. आपल्या यकृतात अशा रसायनांना पकडून बाहेर घालवणारं एक एन्झाइम असतं. मांजराच्या शरीरात त्याचं जनुकच निकामी आहे. म्हणून तर माणसाला ताप आला की आपण घेतो ती पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराचा जीव घेते. फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं आणि हे उग्र वासाचे अर्क त्याच रांगेत बसतात. फरशीवर फिनाईल टाकून वर मांजर सोडलं की ते त्याच्या पंजांवर येतं, आणि पंजे चाटल्यावर तोंडात. ते नैसर्गिक आहे की कारखान्यातलं, हे यकृत विचारत नाही.

आणि एक चूक तर सरळ जिवावर बेतते. घरात कुत्राही असतो, त्याचं गोचिडांचं औषध उरलेलं असतं. 'त्याला चालतं तर हिला का नाही? थोडंच लावू.' कुत्र्यांच्या अशा कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहज पचवतो. मांजराला मात्र त्याने अंगभर थरथर सुटते, झटके येतात आणि वेळेत डॉक्टर मिळाला नाही तर ते जातं. खोक्यावर मांजराचं चित्र नसेल, तर ते औषध मांजराचं नाही. एवढं वाचायला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही.

मग मांजराला आंघोळ कधीच घालायची नाही का? घालायची. अंगावर ऑइलपेंट सांडला, गाडीखाली बसून ग्रीस लागलं, जुलाबाने मागचा भाग माखला, किंवा बुरशीसाठी डॉक्टरांनी औषधी शाम्पू लिहून दिला, तर घालायची. कोमट पाणी, मांजरासाठीचाच शाम्पू, डोकं सोडून, झटपट, आणि मग जाड पंचा. ड्रायर नको. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला साठ हजारांच्या पुढचंही येतं. आपल्याला नुसती घरघर वाटते त्यात त्याला काय काय ऐकू येत असेल, याचा विचार करा. आणि निरोगी गावठी मांजराच्या उभ्या आयुष्यात असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात. दर रविवारी येत नाहीत.

आता मोर्चा वळवते दुसऱ्या टोळीकडे. ही मंडळी स्वतःला शहाणी समजतात. 'मांजर स्वतःची स्वच्छता स्वतः करतं. निसर्गावर सोडा.' मांजर डोळे मिटून दूध पितं ते उगाच बदनाम झालंय. डोळे मिटण्यात त्याचे मालक त्याच्या चार पावलं पुढे आहेत. कारण हे वाक्य बहुतेक वेळा अशा घरात ऐकू येतं, जिथे सोफ्यावर लांब केसांचं, बसक्या नाकाचं पर्शियन पहुडलेलं असतं. त्या मांजरात निसर्गाचा हात किती आणि माणसाचा किती, हे एकदा तपासून बघा.

१८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या गृहस्थाने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथून मांजरांना जात, दर्जा आणि बक्षीस चिकटलं. आज आपण ज्याला पर्शियन म्हणतो ते मांजर इराणच्या वाळवंटात घडलेलं नाही, ते या प्रदर्शनांच्या मांडवात घडलं. परीक्षकांना केस लांब हवे होते, लांब झाले. नाक आखूड हवं होतं, आखूड झालं, इतकं की काहींचं नाक डोळ्यांच्या रेषेत जाऊन बसलं. मगाशी सांगितलं त्या जिभेच्या अभ्यासातही एक अपवाद निघाला, तो याच पर्शियनचा. बाकीच्या मांजरांच्या जिभेचे काटे दाबल्या गेलेल्या केसांतून कातडीला टेकतात, याचे टेकत नाहीत. केसच तेवढे लांब आहेत. म्हणजे माणसाने असं मांजर घडवलं, जे स्वतःच्या जिभेने स्वतःला साफ करू शकत नाही. आणि तोच माणूस आता खांदे उडवून म्हणतो, निसर्गावर सोडा!

प्रिन्स माझ्याकडे आला तेव्हा लांबून छान दिसायचा. पाठ फुगीर, शेपटी झुबकेदार. उचलायला गेले तर ओरडला. पोटाखाली हात घातल्यावर कळलं. कानांच्या मागे, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केसांच्या जटा झाल्या होत्या, घट्ट, कडक, कातडीला लागून. पाय पुढे टाकला की काखेतली जट ओढली जायची आणि तिच्याबरोबर कातडीही. म्हणून तो फारसा चालायचाच नाही. आधीच्या घरातल्या बाई मला कौतुकाने म्हणाल्या होत्या, 'अगदी शांत आहे हो, दिवसभर एका जागी बसून असतो.' बसून असणारच. उठलं की दुखत होतं.

जटा दिसली की लोकांचा हात पहिला कात्रीकडे जातो. तो आवरा. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जटा वर ओढली की तिच्याबरोबर कातडीचा कोन वर येतो, केसांत तो दिसत नाही, आणि कात्री नेमकी त्यातून जाते. मग टाके. सैल जट असेल तर तिच्यावर थोडं कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचं, केसांच्या मुळाशी दोन बोटांची चिमूट घट्ट धरायची, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही, आणि टोकाकडून बोटांनी एकेक पदर सोडवत यायचं. मग स्टीलचा लांब दातांचा कंगवा, तोही टोकापासून मुळाकडे. एका बैठकीत एक जट सुटली तरी पुष्कळ. कातडीला चिकटून बसलेल्या असतील, तर घरी हात लावायचा नाही. डॉक्टर मशीनने काढतात, गरज पडली तर गुंगी देऊन. प्रिन्सच्या काखेतल्या तशाच काढाव्या लागल्या. खालची कातडी लाल झालेली, एके ठिकाणी चिघळलेली. त्या घरात दर महिन्याला त्याचा 'स्पा' व्हायचा, हे विशेष.

पार्लरवाल्यांशी माझं वैर नाही. त्यातले काही हाताने हलके आणि कामाने चोख असतात. पण महिन्यातून एकदा पैसे फेकले की उरलेले एकोणतीस दिवस कंगवा धरायला नको, हा हिशेब मालकांचा आहे आणि तो चुकलेला आहे. पर्शियनचा गुंता महिनाभर वाट बघत नाही, दोन-तीन दिवसांत धरतो. मग पार्लरमध्ये जातं ते जटांनी भरलेलं मांजर. तिथे अनोळखी हात, अनोळखी कुत्र्यांचे आवाज, आणि ते चावायला लागलं की 'लायन कट': मान, पावलं आणि शेपटीचा झुबका सोडून अख्खं अंग भादरायचं. मालक खूश, कारण मांजर सिंहासारखं दिसतं. कुणी पार्लरमध्येच गुंगीचं औषध द्यायला निघालं, तर मांजर उचला आणि घरी या. गुंगी देणं हे डॉक्टरांचं काम आहे, टेबल पुसणाऱ्या पोऱ्याचं नाही.

उन्हाळ्यात 'त्याला गरम होतं' म्हणून भादरणारेही पुष्कळ आहेत. नागपूर-चंद्रपूरला पारा पंचेचाळिसावर गेला की माणसाची दया उतू जाते. त्याऐवजी आतली गळकी लव रोज विंचरून काढा. केस मोकळे राहिले की हवा खेळते. जवळजवळ टक्कल केलेलं मांजर खिडकीतल्या उन्हात बसलं तर त्याची कातडी भाजते. गरम होतंय म्हणून एवढा कळवळा असेल तर पंखा चालू ठेवून कामाला जा, वीजबिलाकडे बघून बंद करू नका.

विकणारे यातलं काही सांगत नाहीत. त्यांच्या तोंडात 'डॉल फेस', 'पंच फेस', 'ट्रिपल कोट' असे शब्द असतात, आणि शेवटी 'मेंटेनन्स काहीच नाही, मॅडम.' बसक्या चेहऱ्यात अश्रूंची नळी वाकडी होते, पाणी नाकात उतरायच्या ऐवजी गालावर वाहतं आणि नाकाच्या कडेला तपकिरी ओघळ साचतो. तो रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घेऊन पुसावा लागतो. हे सांगत नाहीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत या लांब केसांखाली बुरशी फार लवकर धरते, हे सांगत नाहीत. ती बुरशी मांडीवर मांजर घेऊन बसणाऱ्या पोराच्या हाताला गजकर्ण होऊन उमटते, हे तर मुळीच सांगत नाहीत. मग ते मांजर एका रात्रीत 'इन्फेक्शनवालं' ठरतं, आणि माझ्यासारखीच्या दारात येऊन पडतं.

कायद्याचं म्हणाल तर तोही झोपलेला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला मूळ कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड ठरवला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांत आज मांजराचा बरा कंगवाही येत नाही. तेव्हा प्रिन्सच्या काखेतल्या चिघळलेल्या कातडीचा जाब कोर्टात विचारू, या भ्रमात मी नाही. जाब घरातच विचारला पाहिजे.

आणि घरात विचारायचा झाला, तर एक प्रश्न आधी: मांजर आणायचं कुणी ठरवलं आणि विंचरतं कोण? बहुतेक घरांत वाढदिवसाला मांजर मागितलं लेकाने, ऑनलाइन बघून पैसे भरले बाबांनी, आणि कंगवा आला आईच्या हातात, तोही पोळ्या लाटून झाल्यावर. ती वैतागली की कामाच्या मावशींना सांगितलं जातं, 'जाता जाता जरा त्याला विंचरून जा.' मावशींना त्याने ओरबाडलं, की त्यांना पाच मिनिटं साबण-पाण्याने हात धुवायलाही कुणी थांबवत नाही. खरं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लशीचं विचारायचं, हे मालकाचं काम आहे. हळद दाबून घरी पाठवणं हे मालकाचं काम नाही. तीच लस मांजरालाही वर्षाच्या वर्षाला द्यायची असते. फाइल काढून बघा, शेवटची कधी दिली होती ते.

आता तो कंगवा कसा धरायचा, तेही सांगते, म्हणजे 'आमचा करूच देत नाही हो' हे रडगाणं नको. करू देत नाही, कारण तुम्ही झोपेतून उचलून, मान दाबून, थेट पोटापासून सुरू करता. जेवणाच्या थोडं आधी बसा. गालापासून, हनुवटीखालून सुरुवात करा. तिथे त्याला स्वतःलाच खाजवून हवं असतं. मग पाठ, मग बाजू, पोट अगदी शेवटी. पाठीची कातडी थरथरली, शेपूट जमिनीवर आपटायला लागली, कान बाजूला वळले, की थांबा. अजून चार फटके राहिलेत म्हणून रेटू नका. ते चावायच्या आधी सांगत असतं, आपण ऐकत नाही. थांबलात की उद्या ते पुन्हा बसतं. ठकीला आठवड्यातून एकदा हात फिरवला तरी पुरतं, प्रिन्सला रोज दहा मिनिटं.

त्यानंतर उवांची फणी घ्या. तीच, आपल्या लहानपणी रविवारी डोक्यात खसाखसा फिरायची ती. शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर दोनदा ओढा. दातांत काळी बारीक कणी आली तर ती ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. मग डॉक्टरांकडे जाऊन मांजराचं औषध आणा. एवढी साधी तपासणी आहे. पण फणीचा व्हिडिओ कुणी बघत नाही, म्हणून ती कुणी करत नाही.

नखांचं तेच. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पंजाची गादी हलकी दाबली की नख बाहेर येतं. आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्त आणि नस असते. पुढचं पांढरं टोक तेवढं कापायचं. आज दोन, उद्या दोन, कुणी स्पर्धा लावलेली नाही. चुकून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबून धरा. खाली हिंडणाऱ्या मांजराची नखं मात्र कापू नका, कुत्रा मागे लागला तर झाडावर चढायला त्याच्याकडे तेवढंच आहे. सोफा फाटतो म्हणून नखं 'कायमची काढून' मिळतील का, असं विचारणारेही मला भेटलेत. मिळतात म्हणजे काय होतं, ते ऐका: प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड तोडून टाकतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली यावर बंदी घातली. सोफ्याची एवढी काळजी असेल, तर घरात सोफाच पाळा.

आणि ही सगळी यातायात फक्त सुंदर दिसण्यासाठी नाही, हे शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोज हात फिरला की रोग आधी कळतो. आमच्या मजल्यावर एक म्हातारा गावठी बोका होता. त्याच्या पाठीचे केस राठ झाले, शेपटीच्या मुळाशी गुठळ्या दिसायला लागल्या. घरचे म्हणाले, 'वय झालं, आळशी झालाय.' कुणी म्हणालं, 'न्हाऊ घाला.' डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर दाढ सडलेली. तोंड दुखत होतं, म्हणून तो चाटत नव्हता. दात काढल्यावर बोका पुन्हा स्वतःला चाटायला लागला. मांजराने चाटणं सोडलं, तर त्याचं काहीतरी दुखतंय: दात, सांधे, मूत्रपिंड, काहीही. जाड झालेल्या मांजराचं तोंड कंबरेपर्यंत पोचत नाही, तिथेही जटा होतात; त्याचा उपाय शाम्पूच्या बाटलीत नसून त्याच्या ताटलीत आहे. आंघोळ घालणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं. मुंबईत परळला १८८३ पासून जनावरांसाठी 'बैलघोडा हॉस्पिटल' उभं आहे. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. दाखवायला जागा नाही, ही सबब चालणार नाही.

तेव्हा पर्शियन आणायचा बेत असेल, तर आधी एक करा. महिनाभर रोज रात्री, जेवणं आटोपल्यावर, मालिका बंद करून, घरातल्या गालिच्यावर दहा मिनिटं कंगवा फिरवा. गालिचा चावत नाही, ओरबाडत नाही, पळत नाही. एवढं करूनही तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, तर ते मांजर तुमच्यासाठी नाही. पोराने कितीही पाय आपटले तरी आणू नका. मांजराचीच ओढ असेल तर इमारतीखालचं एखादं गावठी पिल्लू उचला, त्याला लस टोचा, वेळेवर नसबंदी करा, पोटभर खायला घाला. आपलं अंग स्वच्छ ठेवायचं त्याचं त्याला कळतं.